अलॉय म्हणून आलेलं लोखंड: मागे वळलेलं हँडल मागवताना होणारी फसवणूक

सोलापुरात यंत्रमागावर कामाला जाणाऱ्यांच्या जुन्या काळ्या सायकलींचं मागे वळलेलं हँडल मनगटाला आणि कमरेला फार सुखाचं असतं. तीच बसण्याची ढब नव्या, हलक्या सायकलवर हवी असणारे लोक वाढलेत, आणि नेमके तेच फसवले जात आहेत.

शहरात मागवलेल्या अशाच एका हँडलची ही गोष्ट. जाहिरातीत ‘6061 अलॉय, 350 ग्रॅम, सगळ्या सायकलींना बसतं’ असं लिहिलं होतं आणि पैसे आधी भरायचे होते. 6061 अलॉय म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा हलका मिश्रधातू. वर काळा मॅट रंग, ग्रिप चिकटवूनच आलेल्या. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन भरलं साधारण 660 ग्रॅम. चुंबक लावला, घट्ट चिकटला. म्हणजे सरळ लोखंडी नळी.

वजनाचा हिशोब कुणालाही करता येतो. मुठीकडची नळी बाहेरून 22.2 मिमी आणि वळणासकट लांबी 80 सेमी धरा. लोखंडाची भिंत, म्हणजे नळीच्या पत्र्याची जाडी, 1.6 मिमी असेल तर वजन 650 ग्रॅमच्या आसपास जातं. अ‍ॅल्युमिनियमची भिंत 2 मिमी धरली तरी 275 ग्रॅम होतात. मधला जाड भाग धरून 300 ते 400. म्हणून ‘अलॉय, फक्त 180 ग्रॅम’ असा दावा दिसला तर जास्तच सावध व्हा. तेवढ्या वजनात भिंत जेमतेम 1.3 मिमी उरते, आणि अ‍ॅल्युमिनियम थकलं की वाकून सूचना देत नाही, तडकतं. लोखंड निघालं तर पैसे जातात, इथे दात जातात. ग्रिप काढून नळीच्या तोंडाशी व्हर्नियर (बारीक जाडी मोजायची पट्टी) लावला की भिंत कळते; ग्रिप चिकटवून पाठवण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ‘कार्बन’ म्हणून विकलेल्या हँडलवर विणकामाचं नुसतं स्टिकर असतं. टोकाशी नखाने उचकटून पाहा.

दुसरी फसवणूक मापाची, आणि ती जास्त घातक. स्टेममध्ये, म्हणजे हँडल मधोमध पकडणाऱ्या भागात, बसणारी नळी सहसा 25.4, 26.0 किंवा 31.8 मिमी असते. 26.0 च्या स्टेममध्ये 25.4 चं हँडल घातलं तर बोल्ट आवळला जातो, वरवर सगळं ठीक दिसतं. पण मागे वळलेल्या हँडलवर हात स्टेमच्या पंधरा-एक सेंटिमीटर मागे येतात. खड्ड्यात वीस किलोचा भार मुठींवर आला की सुमारे 30 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो आणि हँडल खाली फिरतं, ब्रेक लिव्हरसकट. सरळ हँडलवर हीच चूक खपून जाते, म्हणून दुकानदारही ‘पत्र्याची पट्टी घाला, बसेल’ म्हणतात. ऐकू नका. मधला भाग फुगवलेला नसून नुसती 22.2 ची नळी आणि वर जाडी भरायला सैल बुश (धातूची कडी) असेल तर ते हँडल बसवूच नका.

‘सगळ्या सायकलींना बसतं’ हे तर साफ खोटं. काळ्या सायकलीला रॉड ब्रेक असतो, त्याचे लिव्हर हँडललाच जोडलेले आणि रबर रिमला आतून दाबणारे. हँडल बदललं की ब्रेक बदलावा लागतो, आणि त्या रिमवर बाजूने दाबणारा कॅलिपर नीट धरत नाही. म्हणजे चाकंही बदलायची. हा खर्च कुणी सांगत नाही.

पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून व्हिडिओ सलग ठेवा. त्यातच काटा, चुंबक, व्हर्नियर दिसू द्या. माल बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत नळी कापू नका, स्टेममध्ये आवळू नका. ओरखडा पडला की ‘वापरलेला माल’ म्हणून परत घेणं नाकारतात. परताव्यासाठी विक्रेत्याने क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला किंवा यूपीआय पिन मागितला तर ती दुसरी चोरी आहे. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

मालाबद्दलची तक्रार आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. ते नाहीच हलले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दावा सोलापुरातच लावता येतो, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.