तायक्वांदोचं किक पॅड: आवाजाला भुलू नका

मुलाला तायक्वांदोच्या क्लासला सोडायला जायचे, तासभर बाकावर बसून मोबाइल बघण्यापेक्षा म्हटलं आपणही नाव घालू, तर आता वय 39 आणि बेल्ट पांढरा. सध्या माझं गाडं डोल्यो चागीवर अडकलंय, म्हणजे बाजूने गोल फिरून येणारी ती राउंडहाउस किक. घरी प्रॅक्टिस हवी म्हणून ऑनलाइन किक पॅडची जोडी मागवली, 700 च्या आत पडली. ब्रँडचं नाव टाकत नाही, बघायला गेलं तर सगळी सारखीच.

दिसायला साधारण रॅकेटसारखं, पण जाळीच्या जागी फोमचे दोन चपटे पट्टे एकावर एक, वरून रेक्झिन. लाथ बसली की ते दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि असा फाट्ट आवाज येतो ना की बस्स! पहिल्याच दिवशी मी स्वतःवर फिदा, मुलगा म्हणे आई तू डेंजर आहेस, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, काय गं फुटलं काय.

मग पॅड घेऊन क्लासला गेले आणि सरांना मोठ्या तोऱ्यात किक मारून दाखवली. फाट्ट. सर काही बोलले नाहीत, पॅड एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने नुसती एक चापट मारली. सेम आवाज! मग म्हणाले, ताई, पॅडकडे नका बघू, खालच्या पायाकडे बघा. बघते तर टेकलेला पाय जिथल्या तिथे, बोटं समोर. खरं तर तो चवड्यावर फिरून टाच पॅडच्या बाजूला यायला हवी, तर कंबर वळते, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यात. मी रोज रात्री गुडघ्याला बाम का चोळत होते ते तेव्हा कळलं. शिवाय आधी गुडघा दुमडून वर घ्यायचा, मग खालचा पाय फिरवायचा, मग गुडघ्यापासून पाय झटकायचा, पावलाची वरची बाजू, बुटाची लेस बांधतो ती, सपाट बसली पाहिजे आणि बसल्या बसल्या पाय परत दुमडून खाली. मी मात्र फुटबॉल मारल्यासारखा पाय फेकत होते आणि पॅड बिचारं त्यालाही टाळ्या वाजवत होतं.

आणि मॅचमध्ये आवाजाला कोण विचारतो? 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथेही सेन्सरवाले हॉगू आले, म्हणजे छातीवरचं ते गार्ड, त्यावर वजनगटाप्रमाणे ठरलेला जोर बसला तरच बॉडी किकचे 2 पॉइंट, आणि पाठ फिरवून मारली तर 4. वाजली किती जोरात याचा काही हिशोब नाही.

तरी पॅड वाईट आहे असं नाही हं. नेम सुधारतो, वजनाला हलकं आहे, लाथ थोडी वाकडी बसली तरी पायाला लागत नाही. पण मनगटात अडकवायची पट्टी तिसऱ्याच आठवड्यात उसवली, चांभाराकडून शिवून घेतली, आणि रेक्झिनचा वास जायला पंधरा दिवस गॅलरीत टांगून ठेवावं लागलं. धरणाऱ्याला आधीच सांगा, पॅड अंगापासून लांब आणि जरा तिरकं धर, आमच्याकडे नाक थोडक्यात वाचलंय. मी आता 10 किक पॅडशिवायच मारते, भिंतीला हात टेकवून, सावकाश, हाना दुल सेत, म्हणजे कोरियनमधलं एक दोन तीन, मोजत, आणि मग शेवटच्या 5 पॅडवर.

5 पैकी 3 स्टार. जोडी घेऊ नका, एकच घ्या, घरात धरणारा माणूस एकच असतो. आमचं दुसरं पॅड सासूबाईंकडे आहे, लाइट गेली की त्याने वारा घेतात.