हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी, घरच्या प्रार्थनेत: जून ते एप्रिलचा अनुभव

गेल्या जूनपासून आमच्या मिरजेच्या घरी रविवारी रात्री हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी चालू आहे. ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ख्रिस्ती विश्वास प्रश्न आणि उत्तरांतून शिकवणारं हे पुस्तक. १५६३ साली जर्मनीतल्या पॅलॅटिनेट संस्थानाचा राज्यकर्ता तिसरा फ्रेडरिक याने ती तयार करवून घेतली. मुख्य हात झाखारियास उर्सिनस यांचा, वय तेव्हा अठ्ठावीस. प्रश्न १२९, आणि त्याच वर्षी ते ५२ रविवारांत वाटून दिले गेले. म्हणजे वर्षाची सोय आयतीच. १६१८-१९ साली नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने शिक्कामोर्तब केल्यापासून जगभरच्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट, मंडळ्या ती वापरतात.

मिरजेला हे परकं वाटू नये खरं तर. १८९४ साली इथला मिशन दवाखाना उभा करणारे वॉनलेस प्रेस्बिटेरियन, म्हणजे याच रिफॉर्म्ड परंपरेतले. आमच्या आजीला वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी पाठ होती, १६४७ ची, १०७ प्रश्नांची. ती मीही लहानपणी घोकली. एकेक उत्तर कायद्याच्या कलमासारखं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हायडेलबर्ग पहिल्याच प्रश्नात अंगावर येते: जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तर असं की मी माझा नाही, देहाने आणि आत्म्याने मी येशू ख्रिस्ताचा आहे. आईला गेल्या वर्षी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तिने हे उत्तर पहिल्या आठवड्यातच पाठ केलं. बाकीची उत्तरं मात्र लांबलचक आहेत आणि पाठांतराला जड जातात. ही माझी पहिली तक्रार.

मुलीने इंग्रजीवरून मराठीत उतरवून एक जाड वही केली आहे, तीच आम्ही वाचतो. प्रत्येक उत्तराखाली पवित्र शास्त्रातले दाखले आहेत, ते वगळू नका. दाखले न उघडता नुसती उत्तरं वाचली तर मुलं पंधरा मिनिटांत जांभया देतात.

रचना तीन भागांची: माणसाची दुर्दशा, सुटका आणि उपकारस्मरण. दुर्दशा तीन आठवड्यांत संपते, हे मला आवडलं. आमच्याकडे काही संजीवन सभांत दोन तास पापावर आणि शेवटची पाच मिनिटं कृपेवर जातात. इथे दहा आज्ञासुद्धा तिसऱ्या भागात येतात. आधी सुटका, मग आज्ञा. तारण मिळावं म्हणून पाळायचं नाही, मिळालं म्हणून पाळायचं.

दहावा रविवार आमच्याकडे ऑगस्टात आला. तेव्हा सांगलीत जो भेटेल तो आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी विचारत असतो. ४० फूट इशारा, ४५ धोका. आणि प्रश्नोत्तरी म्हणते, पाऊस आणि दुष्काळ, पीक आणि नापिकी, योगायोगाने नाही तर पित्याच्या हातून येतं. मावशीचं गावभागातलं घर २०१९ च्या पुरात पाण्यात होतं. आईने ताडकन विचारलं, "मग धरणाचं पाणी कुणी सोडलं?" पाळकसाहेब त्या दिवशी जेवायला होते. म्हणाले, देवाचं राज्य आहे म्हणून माणसाचा हिशोब माफ होत नाही, आई. पूर का आला हे प्रश्नोत्तरी समजावत बसत नाही. संकटात धीर धर, भरभराटीत आभार मान, पुढचं त्याच्यावर सोड, एवढंच सांगते. आईचं पूर्ण समाधान झालं नाही. माझं झालं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मी मार्केट यार्डात एका पेढीवर दिवाणजी आहे. मार्चमध्ये, हळदीचे सौदे ऐन भरात असताना, बेचाळिसावा रविवार आला: आठवी आज्ञा, चोरी करू नको. मला वाटलं दोन ओळींत आटपेल. पण ११० वा प्रश्न खोटी वजनं, खोटी मापं, खोटा माल, व्याजबट्टा, सगळं नाव घेऊन मोजतो, आणि कायदेशीर दिसणारी लुबाडणूकही चोरीतच धरतो. धाकट्याने लगेच विचारलं, "पप्पा, मग कडता?" पोरं यार्डात येऊन बसतात, त्यांच्या कानावर सगळं असतं. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, हमाली दिसते, तोलाई दिसते. कडता दिसत नाही, तो वजनातच कापलेला असतो. पोत्याचं वजन, माल ओला, कारणं तयारच असतात. मी म्हणालो, हो, तीही चोरीच. पट्टीवर लिहायची लाज वाटते, यातच आलं. त्यावर थोरली म्हणाली, "पुढचा वाच." १११ वा प्रश्न म्हणतो की चोरी न करणं पुरेसं नाही. शेजाऱ्याचा फायदा होईल ते करायचं, त्याने माझ्याशी वागावं असं वाटतं तसं त्याच्याशी वागायचं, आणि गरजूला देता यावं म्हणून इमानाने राबायचं. दिवाणजीने सौद्याच्या दिवशी शेतकऱ्याचा फायदा बघायचा म्हणजे काय, यावर त्या रात्री गीत राहिलंच. समाजात ख्रिस्ती माणसाने काय करावं यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. तराजूपर्यंत पोचलेलं हे पहिलंच.

तक्रारी आणखी आहेत. ८० वा प्रश्न कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, शापित मूर्तिपूजा म्हणतो. आमच्याकडे तो नेमका नाताळच्या तोंडावर आला, आणि शेजारच्या कॅथलिक काकूंचा फराळ टेबलावर. पहिल्या आवृत्तीत तो नव्हता, नंतर घातला. अमेरिकेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चने २००६ साली त्यातला बराचसा भाग कंसात टाकला. मला कंस पटत नाही. मतभेद खरा आहे, त्या काळचा राग म्हणून मुलांना समजावून वाचावा. जावई विश्वासी बाप्तिस्म्यावाले, म्हणजे स्वतः विश्वास धरल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणारे, त्यामुळे बालबाप्तिस्म्याच्या ७४ व्या प्रश्नाला जेवणं गार झाली.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळी. राजा ख्रिस्ती, शेजारी ख्रिस्ती, अशा मुलखात हे लिहिलं गेलं. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी द्यायची का, चुलतभावाच्या घरच्या पूजेचा प्रसाद घ्यायचा का, हे आमचे खरे प्रश्न, त्यांना इथे जागा नाही. मूर्ती आणि नवससायास यांवर प्रश्नोत्तरी कडक आहे, आणि मला ते मान्य आहे. पण नातं न तोडता नाही कसं म्हणायचं, यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठ ते दहा अध्याय जोडून घ्यावे लागले. राज्यकारभारावरही फारसं काही नाही. वडीलधाऱ्या आणि अधिकाऱ्यांच्या उणिवा सोसा, एवढं १०४ व्या प्रश्नात येतं. पुढचा विचार याच परंपरेतल्या अब्राहम कायपरने केला, जो १९०१ ते १९०५ नेदरलँड्सचा पंतप्रधान होता. कुटुंब, मंडळी, शाळा, सरकार यांना देवाने आपापली हद्द दिली आहे, कुणी कुणाची ओलांडू नये, असं त्याचं म्हणणं. निवडणुकीत व्यासपीठावरून मतं मागणाऱ्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांना आणि त्यांना व्यासपीठ देणाऱ्या मंडळ्यांना हे ऐकवायला हवं.

कोणी घ्यावी? घरात दहा वर्षांवरची मुलं असतील तर जरूर. लहानग्यांना वेस्टमिन्स्टरची छोटी उत्तरंच बरी. सुरुवात शाळेबरोबर जूनमध्ये करा. सध्या आम्ही प्रभूच्या प्रार्थनेवर आहोत, मे अखेर संपेल. वहीच्या झेरॉक्स तासगावच्या भावाने आत्ताच मागून ठेवल्या आहेत. तो बेदाण्याच्या धंद्यात आहे. मी त्याला बेचाळिसावा रविवार आधी पाठवणार आहे.