फलकावर चेहरा एकाचा, पावतीवर नाव दुसऱ्याचंच

अंधेरी पश्चिमेला मेट्रोच्या डी. एन. नगर स्टेशनातून उतरून वर्सोव्याच्या दिशेने चालायला लागलं की अभिनय शिकवणाऱ्यांच्या पाट्या सुरू होतात. वर्गात रोज उभं राहून शिकवणार कोण, ते या पाट्यांवर सहसा नसतं. ओळखीचे चेहरे मात्र ओळीने लावलेले असतात. मी ज्या अकादमीत १,८५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी भरला, तिच्या फलकावर असे चार चेहरे होते, खाली ‘आमचं मार्गदर्शक मंडळ’. त्या चौघांपैकी एकही जण अकादमीचा मालक नव्हता, संचालक नव्हता, की पगारी शिक्षकही नव्हता. हे कळेपर्यंत अकादमीला कुलूप लागलं होतं आणि माझे हप्ते चालू होते.

मी डोंबिवलीची. विमा कंपनीत नोकरी, कॉलेजपासून एकांकिका, पुढे कामगार नाट्य स्पर्धा. रंगमंचावर बरं चाललं होतं. कॅमेऱ्यासमोर मात्र पंचाईत व्हायची. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय लागलेला चेहरा क्लोजअपमध्ये भडक दिसतो. चालत येऊन जमिनीवरच्या खुणेवर न बघता थांबायचं, समोर माणूस नसताना नजर नेमकी ठेवायची, आणि वाइड शॉटमध्ये ज्या शब्दाला कप उचलला त्याच शब्दाला जवळच्या शॉटमध्येही उचलायचा. हे सगळं शिकावं लागतं, आणि शिकवणारी माणसं मुंबईत आहेत. त्यामुळे ‘कशाला जायचं असल्या क्लासला’ असं म्हणणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. गरज खरी असते, म्हणून तर हा धंदा चालतो.

आता ते चार चेहरे. पहिले एक ज्येष्ठ मराठी नट, ‘मानद अध्यक्ष’. दुसरे कास्टिंग डायरेक्टर. तिसरे ‘एफटीआयआयचे प्राध्यापक’, म्हणजे पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचे. चौथ्या एक मालिका दिग्दर्शिका. प्रवेशाच्या वेळी भेटले ते या चौघांव्यतिरिक्त पाचवेच गृहस्थ. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणायचे. मराठी उत्तम, बोलणं मधाळ. ते स्वतःला मालक म्हणवत नसत. ‘आपण सगळे मिळून ही संस्था चालवतो,’ असं म्हणत. माझी एकांकिकेतली दोन मिनिटं मोबाइलवर पाहून म्हणाले, “ताई, तुमच्यात आहे ते. फक्त कॅमेऱ्याची भीती घालवायची.” अध्यक्षांचा तास कधी असतो, असं मी विचारलं. “शूटिंगच्या तारखा सांभाळून येतात. दर महिन्याला मास्टरक्लास असतोच.”

फी एकदम जमणार नाही म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर एका फायनान्स कंपनीचा फॉर्म भरून घेतला. बिनव्याजी हप्ते, बारा महिने. आधार, पॅन, एक सेल्फी, ओटीपी. चहा येईपर्यंत काम झालं होतं.

पहिले काही आठवडे खरंच छान गेले, हेही सांगते. शिकवायला एक तरुण मुलगा होता, प्रायोगिक नाटकातून आलेला. तो मेहनत घ्यायचा. तुमचा चेहरा ऐकताना काय करतो हे बघा, म्हणायचा, आणि रेकॉर्ड केलेलं पुन्हा पुन्हा दाखवायचा. मी जे थोडंफार शिकले ते त्याच्याकडून. पुढे तो येईनासा झाला. ‘त्याला मालिका मिळाली’ असं आम्हाला सांगण्यात आलं. मालिका वगैरे काही नव्हती, पगार थकला होता. त्याच्या जागी आधीच्या बॅचमधली एक मुलगी आली. ती स्वतः फी भरून शिकलेली होती आणि आता तिला ‘सहायक प्रशिक्षक’ म्हणून फुकट उभं केलं होतं. मास्टरक्लास पुढे पुढे ढकलला जात राहिला.

मग वरचे खर्च सुरू झाले. पोर्टफोलिओचे वेगळे पैसे, अकादमीच्याच फोटोग्राफरकडे. ‘वेब सीरिज’चं शूटिंग, त्यासाठी कपडेपट आणि मेकअपचे वेगळे. ती मढच्या एका बंगल्यात एका दिवसात उरकली, आणि त्यात कलाकारही आम्ही, प्रेक्षकही आम्हीच. ऑडिशनची हमी होती. ती म्हणजे आरामनगरला सगळ्यांनाच खुल्या असलेल्या ऑडिशनांचे मेसेज आमच्या ग्रुपवर पुढे ढकलणं. तिथल्या कास्टिंगच्या खोल्यांबाहेर कुणीही रांग लावतं. आत नाव, उंची, वय सांगून डावी-उजवी बाजू दाखवायची, दोन ओळी करायच्या आणि निघायचं. त्याचे पैसे कुणी घेत नाही, आणि घेणारा कास्टिंगवाला नसतो. शेवटी ‘सिंटाचं कार्ड करून देतो’ म्हणून आणखी रक्कम मागितली. सिंटा ही १९५८ पासूनची कलाकारांची संघटना. तिचं सदस्यत्व ज्याचं त्याने अर्ज करून, केलेली कामं दाखवून घ्यायचं असतं. अकादमीच्या हातात ते नसतंच. ती रक्कम मी दिली नाही, पण बॅचमधल्या दोघातिघांनी दिली.

एका संध्याकाळी गेलो तर शटर खाली. ‘नूतनीकरणासाठी बंद’ असा कागद, सरांचा फोन बंद. इमारतीच्या वॉचमनकाकांनी सांगितलं की गाळ्याचा भाडेकरार अकरा महिन्यांचा होता, तो संपला आणि सामान रात्रीच टेम्पोने गेलं. आमचा अभ्यासक्रम बारा महिन्यांचा होता.

यानंतर मी पावत्या काढून बसले, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. पहिल्या पावतीवर अकादमीचं नाव बारीक, आणि शिक्का कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चा. दुसरी भलत्याच नावाची, तिच्यावर जीएसटी क्रमांकच नाही. पोर्टफोलिओचे पैसे यूपीआयने गेले होते ते एका बाईंच्या वैयक्तिक खात्यावर. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुठलाही क्रमांक टाकून पाहता येतो, त्याला लॉगइन लागत नाही. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, सांगतं की समोर कोण आहे. ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘टी’ म्हणजे न्यास. आमच्या पावतीवर ‘पी’ होतं. पोर्टलवर कायदेशीर नाव आलं ते एका बाईंचं, आणि पुढे नोंदणीची स्थिती: रद्द. माझी पावती ती रद्द झाल्यानंतरची. म्हणजे तो १८ टक्के सरकारकडे गेलाच नाही, तो सरांच्या खिशात गेला. त्या बाई सरांच्या मेहुणी, हे त्या तरुण शिक्षकाने सांगितलं. दोन नावांनी पावत्या का, याचाही अर्थ मग लागला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, म्हणून पैसे नावानावांत वाटून घ्यायचे.

संस्था कंपनी असती तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर संचालकांची नावं निघाली असती. इथे कंपनीच नव्हती. त्यामुळे ‘मार्गदर्शक मंडळ’, ‘मानद अध्यक्ष’ या शब्दांना कागदावर काडीचा आधार नव्हता. आणि ज्याने सगळं चालवलं त्या माणसाची सही एकाही कागदावर नाही. पाहुणे पंगतीत बसवून यजमान मागच्या दाराने निघून जावा, तसं झालं.

फलकावरच्या माणसांकडे मग एकेक करून वळले. ज्येष्ठ नटांना डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात प्रयोगानंतर आत जाऊन भेटले. मेकअप उतरवता उतरवता त्यांनी फोनवर फलकाचा फोटो पाहिला. “अध्यक्ष? अगं, मी तिथे एकदा फीत कापायला गेलो होतो. नारळ दिला, शाल दिली, पाकीट दिलं. मुलांशी तासभर गप्पा मारल्या.” शाल घेतानाचाच तो फोटो होता. ‘एफटीआयआयचे प्राध्यापक’ निघाले ते त्या संस्थेचा एक लघु अभ्यासक्रम केलेले गृहस्थ. एफटीआयआय २०१७ पासून देशात ठिकठिकाणी काही दिवसांचे असे अभ्यासक्रम घेते, तिथे प्रमाणपत्र मिळतं. ते घेणारा विद्यार्थी असतो, प्राध्यापक कसा होईल? कास्टिंग डायरेक्टरांच्या ऑफिसने सांगितलं, आम्हाला कल्पनाच नाही. दिग्दर्शिकाबाईंनी फोन उचलला नाही, आणि मेसेज वाचून उत्तर दिलं नाही.

ज्येष्ठांवर मला राग नाही असं म्हणणार नाही. शाल आणि पाकीट घेताना कुणाच्या घरी जातोय हे विचारायला काय हरकत होती?

शिकवण्यामागे माणूस कोण, याने किती फरक पडतो हे आपल्याकडे पूर्वीपासून दिसलेलं आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये उभी राहिलेली फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची एफटीआयआय, घ्या. तिथे अभिनय शिकवणारे रोशन तनेजा न्यूयॉर्कला अभिनयाचे नावाजलेले शिक्षक सॅनफर्ड माइस्नर यांच्याकडे शिकून आले होते. जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह त्यांच्या हाताखालून गेले, आणि पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची शाळा काढली तेव्हा वर्गात तेच उभे असायचे. आपल्या कालिन्याला मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी आहे, ती नाट्यदिग्दर्शक वामन केंद्रे यांनी उभी केली. पुण्याच्या त्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ मध्ये अध्यक्षपदाच्या नेमणुकीवरून विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यात कोणाची बाजू बरोबर हा वाद बाजूला ठेवू, पण निदान अध्यक्ष कोण हे त्या मुलांना ठाऊक होतं. आम्हाला संप करायचा तर कुणाविरुद्ध करायचा, इथूनच तयारी.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा नेहमीचंच उत्तर मिळालं, ‘हा दिवाणी मामला आहे.’ एकेकटे गेलो की असं होतं. बॅचमधले सगळे मिळून गेलो, पावत्या, यूपीआयचे तपशील, फलकाचा फोटो आणि ज्येष्ठ नटांचं ‘माझा या संस्थेशी संबंध नाही’ असं लेखी पत्र एकत्र लावून दिलं, तेव्हा अर्ज घेतला. शेवटचं पत्र सगळ्यात कामाचं ठरलं. खोटं नाव पुढे करून पैसे घेतले, हे दाखवता आलं की फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३१८, लावा म्हणता येतं. नुसतं ‘शिकवलं नाही’ म्हटलं तर करारभंगावर ढकलतात.

ग्राहक आयोगाचं त्या मानाने सोपं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. त्यामुळे अंधेरीची अकादमी असूनही मी ठाण्याला दाखल केली, ऑनलाइन. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एक गोष्ट मात्र खटकली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींसाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिक्षकांची पात्रता, निकाल, फी परतावा यांबद्दल खोटं सांगायला त्यात मनाई आहे. पण कोचिंगच्या व्याख्येतून नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील गोष्टी वगळल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची मूळ कायद्यातली तरतूद आम्हालाही लागू आहेच, तरी मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासवाल्याला जो धाक आहे तो अभिनयाच्या क्लासवाल्याला नाही.

सगळ्यात चिवट दुखणं कर्जाचं. फायनान्स कंपनीने सगळी रक्कम पहिल्याच आठवड्यात अकादमीला देऊन टाकली होती. क्लास बंद झाला हे कळवलं तर उत्तर आलं, ‘आपला करार आमच्याशी स्वतंत्र आहे.’ हप्ता चुकवला की सिबिल बिघडतं आणि वसुलीवाल्यांचे फोन आईच्या नंबरवर जातात. मी हप्ते भरत राहिले आणि आयोगातल्या तक्रारीत फायनान्स कंपनीलाही सामनेवाले केलं. वकील म्हणतात, अकादमी सापडली नाही तरी कंपनी सापडेल. कुठल्या क्लासला पैसे भरायचेच असतील तर महिन्याच्या महिन्याला स्वतः, पावती घेऊन भरा. संस्था त्याला तयार नसेल तर तिला पुढच्या महिन्याची खात्री नाही असं समजा.

आणि फलकावर ज्याचा चेहरा असेल त्याला भरण्यापूर्वी विचारा. मोठा नट असला तरी मराठी नट सापडतो. कुठल्या तरी नाट्यगृहात त्याचा प्रयोग असतो, आणि प्रयोगानंतर आत जाऊन दोन मिनिटं बोलायला कुणी अडवत नाही.

मध्यंतरी बॅचमधल्या एका मुलाने मीरा रोडचा एक फोटो पाठवला. नवं नाव, नवा गाळा, फलक तोच, ज्येष्ठ नट त्याच शालीत. मी फोटो त्यांना पाठवला. या वेळी त्यांनी वकिलामार्फत नोटीस धाडली आणि आठवड्याभरात फलकावरून त्यांचा चेहरा उतरला. आता तिथे दुसऱ्या एका नटाचा फोटो आहे, हातात नारळ घेतलेला. त्यांचा प्रयोग कुठे लागतोय ते बघते आहे.