पायातला पट्टा आणि आमची लाज

२०१९ चा ऑगस्ट. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीच्या वर्गणीचा हिशेब करत बसलो होतो, तेव्हा आतेभावाचा फोन आला. एलिझाबेथ शहरातल्या डिटेन्शन सेंटरमधून, म्हणजे स्थलांतरितांच्या कोठडीतून. विद्यार्थी व्हिसावर आलेला, फी थकली, कॉलेज सुटलं, इथे राहण्याचं कायदेशीर स्टेटस गेलं आणि तो पेट्रोल पंपावर रात्रपाळी करू लागला. हे आम्हालाही तेव्हाच कळलं.

इमिग्रेशन न्यायाधीशांनी बाँड, म्हणजे सुटकेसाठीचा जामीन, ठरवला १०,००० डॉलरचा. कायद्याने तो किमान १,५०० असतो, वर मर्यादा नाही. माझ्याकडे रोख जेमतेम तीन हजार. सांगलीत आत्या पाटल्या गहाण टाकायला निघालेली.

बाँडची सोय करून देणाऱ्या एका कंपनीचा नंबर आतल्याच कुणीतरी भावाला दिला. एजंट हिंदीत बोलला. "भैया, टेन्शन मत लो. बीस परसेंट भरो, लड़का परसों घर." मुलगा खरंच तिसऱ्या दिवशी सुटला, त्यामुळे त्या माणसाला मी मनातून हात जोडले होते. करार वीसेक पानांचा, इंग्रजीत. मी पोटापाण्यासाठी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण त्या दिवशी नुसत्या सह्या करत गेलो.

सुटला तो पायात जीपीएसचा पट्टा घेऊन. आम्हाला वाटलं, सरकारी असेल. एजंटने तसं म्हटलं नाही, पण आमचा समज खोडलाही नाही. त्याचं भाडं महिन्याला ३५० डॉलर. पट्टा चार्ज करायला रोज दोनेक तास भिंतीतल्या प्लगशेजारी बसून राहायचं. तो तिथेच जेवायचा. हप्ता दोन दिवस उशिरा गेला की फोन : "आइसला कळवू का?" आइस म्हणजे स्थलांतरितांची धरपकड करणारं सरकारी खातं.

चौदा महिने भरले. दोन हजार आधीचे, ४,९०० भाड्याचे. मग एकदाचा वकिलाला विचारलं, तर तो कागद चाळून म्हणाला, न्यायाधीशांच्या आदेशात पट्ट्याचा उल्लेखच नाही. तो कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी लावलेला. भाड्यातला एक डॉलरही बाँडच्या रकमेत धरला जात नव्हता. आणि हप्ता चुकला म्हणून सरकारी बाँड मोडत नाही; तो मोडतो बोलावल्यावर हजर न राहिल्याने.

खरी ठेच पुढे आहे. पूर्ण रक्कम आपणच आइसकडे भरली असती, तर भाऊ सगळ्या तारखांना हजर राहून प्रकरण मिटल्यावर ती भरणाऱ्याला व्याजासकट परत मिळते. त्यासाठी आय-३०५ ही पावती जपून ठेवायची. म्हणजे मंडळातल्या पाच जणांकडून दोन-दोन हजार उसने घेतले असते, तर प्रत्येकाचे फिटले असते. मी एकालाही विचारलं नाही. चार लोकांत कळेल म्हणून. एजंटने आमच्या अज्ञानापेक्षा या लाजेवरच जास्त कमावलं, असं मला वाटतं.

वीस टक्के परत न मिळणं ही तशी फसवणूक नव्हे. परवानाधारक हमी कंपनीही आपलं शुल्क घेते आणि ते परत देत नाही. पण अशी कंपनी अमेरिकी ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, मान्य यादीत असावी लागते आणि एजंटला राज्याच्या विमा खात्याचा परवाना लागतो. आमची कंपनी यातली कुठलीच नव्हती. हमी दुसऱ्याच कंपनीची, हे मधले. तक्रार करायला गेलो तर उत्तर आलं, आम्ही बाँड देत नाही, आम्ही 'सेवा' देतो. विमा खात्याला हात झटकायला तेवढं पुरलं.

या फटीत काय चालतं ते एका वेगळ्या कंपनीच्या खटल्यात उघड झालं. व्हर्जिनियातल्या लिब्रे बाय नेक्ससवर ग्राहक संरक्षण करणारी केंद्रीय संस्था सीएफपीबी आणि व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क या राज्यांनी २०२१ मध्ये दावा लावला. २०२४ मध्ये फेडरल न्यायालयाने ८० कोटी डॉलरहून जास्त भरण्याचा आदेश दिला. दाव्यातले आरोप वाचताना मला आमच्या एजंटचा आवाज ऐकू येत होता. म्हणजे परवाना तपासायचा तो सही करण्याआधी, विमा खात्याला स्वतः विचारून. एजंटने फोनवर पाठवलेल्या फोटोवरून नाही.

भाऊ पुढे स्वखुशीने परत गेला. निघण्याआधी पट्टा कापून घेतला आणि आम्ही तो कुरिअरने कंपनीला पाठवला. तरी 'उपकरण जमा नाही' म्हणून मला अजून बिल येतं. कुरिअरची पावती मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली आहे. तिची शाई फिकी पडत चालली, म्हणून परवा तीन झेरॉक्स काढल्या.