बिल सिंटर्ड पॅडचे, गाडीत भलतेच

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी मी मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलून घेतले आणि त्या कामात माझी सरळसरळ फसवणूक झाली. पैसे सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या, पॅडचे घेतले, बसवले मात्र कसलीही खूण नसलेले हलक्या दर्जाचे पॅड. शिवाय ब्रेक ऑइल बदलल्याची रक्कम लावली आणि ऑइल बदललेलेच नव्हते. ही लबाडी शहरात सावकाश गाडी चालवताना मुळीच जाणवत नाही, म्हणून ती कशी झाली आणि कशी उघडकीस आली हे सविस्तर लिहीत आहे.

पॅडवरचा घर्षणाचा थर सुमारे १ मिलिमीटरवर आला की बहुतेक गाड्यांत पॅड बदलावेच लागतात. पण मागे माणूस बसणार असेल, दोन्ही बाजूंना सामान असेल आणि वाटेत लांब उतार असतील, तर २ मिलिमीटर उरले असतानाच ते बदललेले बरे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत सिंटर्ड पॅड सांगितलेले आहेत. धातूची भुकटी उष्णतेने आणि दाबाने एकजीव करून बनवलेले हे पॅड तापल्यावर आणि भिजल्यावरही पकड टिकवून धरतात. राळेत तंतू बांधून केलेले ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, कमी आवाज करतात आणि डिस्क कमी झिजवतात, मात्र सतत तापत राहिले की त्यांची पकड कमी होत जाते. (म्हणून ऑरगॅनिक पॅड वाईट ठरत नाहीत, ज्या गाडीची डिस्क त्यांच्यासाठीच बनवली आहे तिला सिंटर्ड लावले, तर डिस्कच लवकर खलास होते.)

गॅरेजवाल्याने सीलबंद खोका माझ्यासमोर फोडला, पॅड माझ्या हातात दिले आणि मी भाग क्रमांक पुस्तिकेशी ताडून पाहिला. इथवर सगळे चोख होते. त्यानंतर गाडी आत नेली गेली, जिथे ग्राहकाला जाऊ देत नाहीत. काम झाल्यावर मी जुने पॅड आणि रिकामा खोका मागितला, तेव्हा दोन्ही कचऱ्यात गेल्याचे सांगण्यात आले. खोका दाखवायचा एका पॅडचा आणि बसवायचे दुसरेच, हा या धंद्यातला सर्वांत सोपा हात आहे, कारण ग्राहकाची सगळी दक्षता खोक्यापाशीच संपते. दाखवलेला अस्सल माल बहुधा पुन्हा पुढच्या ग्राहकाला दाखवायला तयार राहतो.

पहिल्या मोठ्या उतारावर काही वळणांनंतर जळका वास येऊ लागला आणि गाडी थांबायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागू लागले. लिव्हर मात्र घट्ट होता. ही खूण प्रत्येकाने ओळखायला हवी. ब्रेक ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडून मुठीपर्यंत येतो. लिव्हर घट्ट असून गाडी थांबत नसेल, तर पॅडची पकडच गेलेली असते. हलक्या पॅडमधली राळ तापून वायू सोडते आणि तो पॅड व डिस्क यांच्या मध्ये अडकतो. मी गिअर खाली घेत, इंजिनाच्या ओढीवर वेग आवरत गाडी कडेला घेतली. डिस्क निवल्यावर ब्रेक पुन्हा पूर्ववत लागू लागला, आणि असा पॅड फसवतो तो इथेच: थंड गाडीवर त्याची कितीही परीक्षा घ्या, तो उत्तीर्णच होतो.

पुढच्या मुक्कामी दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर कॅलिपर (पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग) उघडला. घर्षणाचा थर कडेने भुगा होऊन गळत होता आणि एका पॅडवर थर व मागची लोखंडी पट्टी यांच्यामध्ये चीर दिसत होती. ती आणखी वाढती तर थर पट्टीपासून सुटून गेला असता. पट्टीवर ना बनवणाऱ्याचे नाव होते, ना बॅच क्रमांक, ना घर्षणाच्या श्रेणीची दोन अक्षरे. चांगल्या पॅडवर ही अक्षरे बहुधा असतात. पहिले अक्षर कमी तापमानाला आणि दुसरे तापल्यावर घर्षण किती ते सांगते. एच म्हणजे घर्षणांक ०.५५ ते ०.६५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, तर ई म्हणजे अवघा ०.२५ ते ०.३५. अक्षरे अर्थात नकली मालावरही छापता येतात, म्हणून त्या मेकॅनिकने केलेली दुसरी तपासणी मला अधिक मोलाची वाटते. त्याने थराचा पृष्ठभाग दोन ठिकाणी खरवडला आणि तिथे मल्टिमीटरची टोके टेकवली. सिंटर्ड थर धातूचा असल्याने त्यातून वीज वाहते. आमच्या पॅडमधून ती अजिबात वाहिली नाही.

ऑइलचा प्रकार त्याहून उघड होता. ताजे डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रमाणित श्रेणी) ऑइल जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. माझ्या ब्रेक ऑइलच्या टाकीत होते ते कोऱ्या चहासारखे. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलभोवती (जुने ऑइल बाहेर काढण्याच्या तोटीभोवती) जुनी माती तशीच घट्ट बसलेली होती, म्हणजे तिथे पाना लागलेलाच नव्हता, आणि निपल न उघडता ऑइल बदलणे शक्यच नाही. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. पॅड डिस्कवर तापत असताना हे ७५ अंशांचे अंतर क्षुल्लक नाही.

परतल्यावर मी ते पॅड आणि छायाचित्रे घेऊन पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. आधी ‘ब्रेक दाबून ठेवून गाडी चालवली असेल’ असे ऐकवण्यात आले, मग ‘हे पॅड आमचे कशावरून’ असा प्रश्न आला. बिलावर ‘पुढचे सिंटर्ड पॅड, १ जोडी’ एवढेच होते; भाग क्रमांक आणि बॅच क्रमांक लिहिलेला नव्हता, आणि तो मुद्दामच लिहीत नसावेत असे माझे मत झाले आहे. ऑइलचे पैसे त्यांनी निपलचे छायाचित्र पाहून निमूटपणे परत केले, पॅडचे केले नाहीत. ज्या कंपनीचा खोका दाखवला होता तिला मी सगळी माहिती कळवली आहे.

आता मी पॅड स्वतः विकत घेतो, मागच्या पट्टीच्या कडेला रंगाचा ठिपका देतो आणि बिलावर बॅच क्रमांक लिहून घेतो. काम माझ्यासमोर होणार नसेल तर गाडी देत नाही. जुने पॅड हातात आल्याशिवाय पैसे चुकते करत नाही. कॅलिपर बंद झाल्यावरही टॉर्चच्या उजेडात ठिपका दिसतो.

पॅड बदलण्याचे काम प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत शंभर-दोनशे किलोमीटर तरी हलक्या हाताने ब्रेक वापरावा लागतो. ते झाल्यावर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर, मागे वाहन नसताना, मध्यम वेगावरून लागोपाठ काही वेळा जोराने ब्रेक लावून पाहावा. डिस्क तापत जाताना लिव्हर घट्ट राहूनही थांबण्याचे अंतर प्रत्येक वेळी वाढत असेल, तर गाडी निवू द्यावी आणि सामान बांधण्याआधी पॅड काढून पाहावेत.