रणांगण वाचली नसेल तर आधी ती घ्या

विश्राम बेडेकरांची रणांगण ही कादंबरी १९३९ ची आहे, पण वाचताना कुठेच जुनी वाटत नाही. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, त्यात हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू, आणि इंग्लंडहून परतणारा चक्रधर. उमाच्या प्रकरणात पोळल्यामुळे सगळ्याच बायकांवर राग धरून बसलेला हा माणूस त्या ज्यूंपैकीच एका हॅर्टाच्या प्रेमात पडतो. बरं, हे प्रेम बंदर येईपर्यंतचंच, हे दोघांनाही माहितीये, आपल्यालाही माहितीये, तरी आपण पान उलटताना मनातल्या मनात म्हणत राहतो की बोट जरा हळू जाऊ दे.

मला सगळ्यात भिडलं ते म्हणजे चक्रधरला उतरायला मुंबई आहे, हॅर्टाला मात्र स्वतःचं म्हणावं असं बंदरच उरलेलं नाही. लेखक त्यावर भाषण देत नाही, डेकवरच्या साध्या गप्पांतून ते आपोआप कळत जातं, आणि मग हॅर्टा हसली तरी पोटात तुटतं.

चक्रधरचा काही ठिकाणी खूप राग येतो, येऊ दे.

नवीन काही हवं असेल तर कृष्णात खोतांची रिंगाण, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेली. धरणामुळे गाव सुटलेलं आणि मागे राहिलेली म्हैस आणायला परत गेलेला माणूस. बोलीभाषेमुळे सुरुवातीला सावकाश वाचावी लागते, एकदा लय सापडली की सुटत नाही. दोन्ही विकतच घ्या, परत वाचाल.