संगणक तालिकेत ‘नटसम्राट’ शोधताना

आमच्या शहरातील एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाने तालिकापत्रांचे लाकडी कप्पे बाजूला सारून ‘कोहा’ या मुक्त संगणकप्रणालीवरील तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, वाचकांसाठी खुली केली, त्याला आता वर्ष होत आले. वेगाबद्दल तक्रार नाही. देवनागरीत नाव टाकले की क्षणात यादी येते आणि पुस्तक जागेवर आहे की कोणी नेले आहे, हे घरबसल्या कळते. अडचण सुरू होते ती यादी वाचताना.

मला ‘नटसम्राट’ हवे होते. त्या एकाच नाटकाच्या पाच नोंदी आल्या. पहिल्या नोंदीतील प्रत बाहेर गेलेली दिसली, म्हणून मी तिथेच मागणी नोंदवली आणि तीन आठवडे थांबलो. तेवढा सगळा काळ चौथ्या नोंदीतील प्रत कपाटात उभी होती. तालिकाकाराच्या नियमाने यात चूक नाही, कारण नोंद आवृत्तीची असते आणि त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती तिच्याखाली येतात. वाचक मात्र आवृत्ती मागायला येत नाही, नाटक मागायला येतो. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने कृती, तिचे रूप, आवृत्ती आणि प्रत या चार पातळ्या १९९८ मध्येच वेगळ्या करून दाखवल्या होत्या. येथे पडद्यावर त्या पाच नोंदी एकाच कृतीच्या आहेत, याची कसलीही खूण नाही.

शेजारच्या संगणकावर एक आजोबा ‘कुसुमाग्रज’ असे टाकून हेच नाटक शोधत होते. नुसते कवितासंग्रह पाहून, “नाटक यांच्याकडे नाहीच,” असे पुटपुटत ते उठले. शिरवाडकरांनी कविता टोपणनावाने लिहिल्या आणि नाटके स्वतःच्या नावाने. जुन्या कप्प्यात ‘कुसुमाग्रज’पाशी ‘शिरवाडकर, वि. वा. हेही पाहा’ असे पिवळे पडलेले एक कार्ड होते. ते कोणत्याच पुस्तकाचे नव्हते, म्हणूनच बहुधा संगणकात उतरवताना गळाले असावे. लेखकनामांची अशी जोडणी करण्याची सोय कोहामध्ये आहे, तेव्हा दोष प्रणालीच्या माथी मारता येणार नाही. ‘वि. वा.’ आणि ‘विष्णु वामन’ हेही येथे दोन निराळे लेखक ठरले आहेत.

आणखी एक गंमत म्हणजे नोंदीत ८९१.४६२ हा मराठी नाटकांचा ड्यूई वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला आकडा, ठळक दिसतो, पण कपाटे दाखल क्रमांकाने, म्हणजे पुस्तके ग्रंथालयात आली त्या क्रमाने, लावलेली आहेत. चिठ्ठीवर वर्गांक उतरवून नेला की काउंटरवरच्या बाई हसून दुसरा आकडा विचारतात, आणि तो नोंदीच्या अगदी तळाशी, प्रतींच्या तक्त्यात, बारीक अक्षरांत असतो.

वेगाला पूर्ण गुण, मांडणीला जेमतेम निम्मे. ही तालिका वापरणाऱ्याने मागणी नोंदवण्याआधी यादीतली प्रत्येक नोंद उघडून पाहावी, आणि लेखकाला टोपणनाव असेल तर दोन्ही नावांनी शोधावे.